दुमडीतली वाळू

रत्नागिरीहून परतल्यावर कपडे धुवायला काढले, तर पँटच्या दुमडीतून चिमूटभर वाळू फरशीवर सांडली. झाडून टाकवेना. कागदावर घेऊन भिंगाखाली धरली. काजळासारखे काळे, चकाकणारे कण आणि त्यांच्यात शिंपल्यांचे पांढरे, गुलाबी कपचे.

रत्नागिरीला समुद्र दोन आहेत. किल्ल्याच्या डोंगराच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा. पाणी एकच, नावं वाळूची. पांढऱ्यावर गर्दी असते. मला लहानपणापासून काळाच प्रिय.

तिथेच मामाने एकदा जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक माझ्या हातात दिलं. "कागदात गुंडाळ आधी, नाहीतर रात्रभर निवडत बसशील!" मी सुतळी बांधून ते वाळूतून ओढत निघालो. दहा पावलांत त्याला काळी दाढी फुटली. केस ताठ उभे. कागद उलगडला की दाढी झरकन गळायची, पुन्हा गुंडाळला की पुन्हा उगवायची. ऊन चढलं, वाळू तापली, पाय ठेववेना, तरी मी ओल्या काठाकाठाने ओढतच राहिलो. घरी येताना बरणीभर लोखंड होतं माझ्याकडे. मामा म्हणाला, "सह्याद्री आणलास की रे!"

ते अक्षरशः खरं होतं, हे फार उशिरा कळलं. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण. पावसाने तो कुजतो, त्याचा बराचसा भाग चिखल होऊन वाहून जातो. त्यातले मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट या खनिजांचे कण मात्र सहजी हार मानत नाहीत. एकात लोखंड, दुसऱ्यात लोखंडाबरोबर टायटॅनियम. ओढे-नद्या ते किनाऱ्याला आणून घालतात. पुढचं काम लाटेचं. आजी सुपात तांदूळ पाखडायची, तेव्हा कोंडा उडायचा आणि दाणा मागे राहायचा. इल्मेनाइट शिंपल्याच्या चुऱ्याच्या जवळजवळ पावणेदोनपट जड. परतणारी लाट हलकं ते घेऊन जाते, जड ते काठावर ठेवते. इतकं नेटकं पाखडणं मी आजीनंतर समुद्राचंच पाहिलं.

कागदावरच्या चिमटीवर लिंबू पिळलं. पांढऱ्या कणांवर बारीक बुडबुडे उठले, काळे निमूट पडून राहिले. शिंपला म्हणजे चुनखडीच की. कोकणात शिंपले भाजूनच चुना करत. आजोबांच्या पितळी डबीत तो असायचा, लोण्यासारखा मऊ. पानाला बोटभर लावून उरलेला ते ओसरीच्या खांबाला पुसत. त्या खांबावर पांढऱ्या बोटांची रांगच्या रांग होती.