इंद्रायणीच्या डोहाकाठीं

पुण्याहून देहू कांहीं फार दूर नाहीं. लोणावळ्याच्या बाजूस जाणाऱ्या आगगाडीनें देहूरोड स्थानकावर उतरलें म्हणजे पुढचा थोडासा रस्ता मोटारीनें सहज उरकतो. तरीहि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं हें क्षेत्र पाहिलें असेल तें ज्येष्ठ वद्य सप्तमीस, पालखीच्या प्रस्थानाच्या दिवशीं, म्हणजे टाचा उंचावून माणसांच्या खांद्यांवरून. त्या सोहळ्याची थोरवी कोण नाकारील? परंतु ज्यांस देहू वाचावयाचें आहे (होय, वाचावयाचें असेंच आम्ही म्हणतों), त्यांनीं मार्गशीर्षांतला एखादा रिकामा दिवस निवडावा. आम्हीं गत वर्षीं तसेंच केलें. बरोबर आमची वडील बहीण आक्का आणि महाविद्यालयांत मराठी वाङ्मयाचा अभ्यास करणारी आमची नात होती.

विठ्ठलमंदिराचें वर्णन आजवर इतक्यांनीं केलें आहे कीं, त्यांत आम्ही नवी भर ती काय घालणार? तुकोबांचे पूर्वज विश्वंभरबोवा यांच्यापासून या घराण्यांत विठ्ठलाची उपासना चालत आली. आवारांतच शिळामंदिर आहे. ज्या शिळेवर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावांचून पडून राहिले अशी श्रद्धा आहे, ती शिळा येथें पुजली जाते. दर्शन घेऊन आम्ही लौकरच नदीकडे वळलों.

डोहापाशीं उभें राहिल्यावर प्रथम वाईट वाटतें तें पाण्याचें. कारखान्यांचें व वाढत्या वस्त्यांचें सांडपाणी पोटांत घेतां घेतां इंद्रायणी थकून गेली आहे. तरी डोह तो डोहच. या नदीनें तुकोबांच्या हातून दोन वेळां कागद घेतले. पहिल्या वेळीं ते कर्जखतांचे होते. इ. स. १६३० च्या सुमारास पडलेल्या घोर दुष्काळांत घरचीं माणसें गेलीं, सावकारी बुडाली. पुढें तुकोबांनीं खतांच्या वांटण्या केल्या; धाकटे बंधु कान्होबा यांस त्यांचा अर्धा हिस्सा दिला आणि आपल्या वांट्याचीं खतें नदींत सोडलीं. तें स्वेच्छेचें विसर्जन होतें. त्यानें कित्येक कुळें मोकळीं झालीं. दुसऱ्या वेळीं बुडाल्या त्या अभंगांच्या वह्या, आणि त्या मात्र बुडवावयास लावलेल्या होत्या.

ती कथा घरोघरीं ठाऊक आहे. वाघोलीचे विद्वान रामेश्वरभट्ट यांचा आक्षेप असा कीं, तुकोबा जातीनें शूद्र, त्यांच्या प्राकृत वाणींत वेदांचा अर्थ प्रकट होतो, आणि त्याचा अधिकार त्यांस नाहीं. महिपतीनें 'भक्तलीलामृत' १७७४ सालीं रचलें, म्हणजे प्रसंगानंतर शतकाहून अधिक काळानें. त्याच्या सांगण्यांत तक्रार अधिकाऱ्याच्या कानीं जाते आणि तुकोबांस गांवाबाहेर घालण्याचें काम गांवच्या पाटलाकडे येतें. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या साऱ्या कथेंत कोणा बादशहाचें फर्मान नाहीं, फौज नाहीं, बंदिशाळा नाहीं. एका बाजूस ग्रंथाचा आधार आणि दुसऱ्या बाजूस पाटलाचा दरारा, एवढ्यावर काम भागलें. छापखाना नसलेल्या काळीं कवीची सारी मिळकत म्हणजे दोनचार हस्तलिखितें आणि कीर्तनास येणारे श्रोते. वह्या पाण्यांत गेल्या आणि शेजारपाजार कीर्तनास यावयास भ्याला, म्हणजे कवि जिवंत असूनहि मुका. राजसत्तेस एवढी नेमकी नाडी क्वचितच सांपडते. शेजारी राहणाऱ्या समाजास ती बरोबर ठाऊक असते.

आम्हीं पुष्कळ वर्षें संस्कृत शिकविलें. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'चें मंगलच असें आहे कीं, कवीच्या वाणीची सृष्टि नियतीच्या नियमांनीं बांधलेली नसते आणि तिला दुसऱ्या कोणाची ताबेदारी नसते. ब्रह्मदेवाच्या सृष्टीहूनहि तिला वरचढ ठरविण्याचें धाडस त्या पंडितानें केलें आहे. डोहाकडे पाहतांना तें मंगल आठवलें आणि मनास चरका बसला. ज्या विद्येनें कवीस एवढें स्वातंत्र्य शब्दानें दिलें, तिच्याच नांवानें देहूच्या वाण्यास तें प्रत्यक्षांत नाकारण्यांत आलें. स्वातंत्र्य काव्यास, पण तें रचण्याचा अधिकार जन्मास, अशी ही विभागणी होती.

आमच्या मनांत हे विचार चालले असतां नातीनें सरळच विचारलें, "आजोबा, वह्या बुडवायला लावणारे आपल्यासारखेच शिकलेले होते ना?"

आम्ही उत्तर जुळवूं लागलों तोंच आक्का म्हणाली, "शिकलेलेच होते, बाळ. न शिकलेल्याला दुसऱ्याच्या वहीचं कसलं आलंय भय?"

आक्काची शाळा चौथींतच सुटली. तिच्या बोलण्यावर आम्हांस पुढें कांहीं सुचलें नाहीं. आपल्या घरांतून या कथेचा उत्तरार्ध मोठ्या हौसेनें सांगितला जातो: रामेश्वरभट्टांस पश्चात्ताप झाला, ते तुकोबांचे शिष्य झाले, तुकोबांची आरतीहि त्यांच्याच नांवावर आहे. हें सर्व परंपरेस धरून आहे, आणि त्या गृहस्थांचा मोठेपणाहि त्यांत दिसतो. परंतु ही गोड अखेर सांगून आपण पूर्वार्धांतून फार लौकर सुटका करून घेतों असें आम्हांस वाटतें. ज्यानें मना केलें त्याला क्षमा मिळाली, ठीकच झालें. पण शिळेवर काढलेले ते तेरा दिवस तुकोबांचेच होते.

आणि दडपण सोसणारे एकटे तुकोबाच नव्हते. बहिणाबाई (जन्म १६२८) ही ब्राह्मणाच्या घरची मुलगी, ब्राह्मणाचीच पत्नी. कोल्हापुरास तिनें कीर्तनांत तुकोबांचे अभंग ऐकले, स्वप्नांत त्यांचा उपदेश घेतला, आणि त्यापायीं विद्वान नवऱ्याचा मार खाल्ला. पुढें हें जोडपें देहूस आलें, तर तेथें मंबाजीचा जाच. या बाईनें आपलें चरित्र आपणच अभंगांत लिहून ठेविलें, आणि वह्या पाण्यांत पडल्याची समकालीन साक्ष तिच्याच लेखनांत मिळते. जातीचा अधिकार असलेल्या घरांतहि स्त्रीच्या लेखणीस केवढा अधिकार होता, हें आपण आपल्या माजघरांत एकदां मोठ्यानें वाचावें. तिचें लेखन छापून निघावयास विसावें शतक उजाडलें.

डोहाजवळच गाथामंदिर उभें आहे. चार हजारांहून अधिक अभंग तेथें भिंतींच्या शिळांवर कोरलेले आहेत. ज्या शब्दांस पाण्यांत घातलें, ते आतां दगडांत आहेत! १८६९ सालीं गाथेचा पहिला भाग छापून निघाला तो मुंबई सरकारच्या आश्रयानें. १४ जून २०२२ रोजीं शिळामंदिराचें लोकार्पण झालें तें देशाच्या पंतप्रधानांच्या हस्तें. सत्तेनें कवीस मान द्यावा ही आनंदाची गोष्ट आहे. तरी मान देणारा हातहि निवड करीत असतो. भाषणांत आणि क्रमिक पुस्तकांत येणारे तुकोबा बहुधा सौम्य असतात. अर्थावांचून वेद घोकणाऱ्यांस, दांभिकांस, पोटभरू गुरूंस फटकारणारे तुकोबा भिंतीवर आहेत, पण व्यासपीठावर फारसे दिसत नाहींत. नातीनें असे अभंग हुडकून एकामागून एक वाचून दाखविले. शेजारीं उभे असलेले दोन वारकरी आम्हांकडे पाहून हंसले. त्यांना ते मुखोद्गत होते.

या पाठांतराचेंच खरें मोल. तेराव्या दिवशीं वह्या कोरड्या निघाल्या, या चमत्काराची चिकित्सा आम्ही करीत नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें पाहावें. परंतु वह्यांवांचूनहि अभंग वांचण्याची एक सोय तेव्हांच झालेली होती, आणि ती श्रोत्यांनीं केली होती. त्यांतले एक चाकणचे संताजी जगनाडे, व्यवसायानें तेली. त्यांच्या हातच्या वह्या आज उपलब्ध आहेत; वि. ल. भावे यांनीं त्या विसाव्या शतकांत छापून प्रसिद्ध केल्या.

दोन प्रहरीं आम्ही भंडाऱ्यावर गेलों. चढ अवघड नाहीं; आक्काहि सावकाश वर आली. गांवाच्या गलबल्यापासून दूर होऊन तुकोबा येथें चिंतनास बसत. जुनीं लेणीं आहेत, वारा आहे, आणि खालीं इंद्रायणीचें खोरें. आतां त्यांत कारखान्यांचीं छपरें पुष्कळ दिसतात.

उतरल्यावर जवळच सुदुंबरें गांवीं गेलों. संताजी जगनाड्यांची समाधि तेथें आहे. देहूस येणाऱ्यांपैकीं इकडे वळणारे थोडे. त्या दिवशीं तर आमच्यावांचून कोणीच नव्हतें. नातीनें पिशवींतून वही काढून समाधीवरचा मजकूर उतरून घेतला. तिचें लिहिणें होईपर्यंत आक्का पायरीवर बसून राहिली, आणि उन्हें कलल्यावर आम्ही परतीची गाडी धरली.