अश्वत्थाम्याचे मिलिसेकंद

असीरगडावरच्या महादेवाला अश्वत्थामा रोज पहाटे फूल वाहून जातो, ही गोष्ट बुऱ्हाणपुरात शाळकरी पोरांनाही पाठ असते. हल्ली तिला नवं शेपूट फुटलंय. गडावर म्हणे 'टाइम डायलेशन' आहे, तिथे वेळ हळू चालते, म्हणून तो अजून जिवंत! सोबत आइन्स्टाइनचा फोटो.

कागदावर मांडून पाहिलं. गडाचा माथा पायथ्यापासून अडीचशे मीटरच्या आसपास उंच. सामान्य सापेक्षतेप्रमाणे उंचावर वेळ हळू नव्हे, किंचित भरभर चालते. इथे दिवसाला जेमतेम दोन नॅनोसेकंदांचा फरक. महाभारताला पाच हजार वर्षं झाली असं धरलं आणि हा गृहस्थ एकदाही खाली उतरला नाही असं मानलं, तरी सगळे मिळून चार मिलिसेकंद होतात. पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यातही फरक उलट्या बाजूला: अश्वत्थामा चार मिलिसेकंद जास्तच म्हातारा.

आख्यायिकेशी माझं भांडण नाही. आइन्स्टाइन जन्मायच्या आधीही ती धडधाकट होती, आता तिला कुबड्या कशाला?

०

"रिलेटिव्हिटी थिअरीच आहे ना, सिद्ध कुठे झालीय?" केळीच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या गादीवर ऐकलेलं. बोलणाऱ्याच्या मोबाइलवर दिल्लीला निघालेली गाडी निळा ठिपका होऊन सरकत होती. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतेमुळे जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, म्हणून ती दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते. नसती केली, तर चूक रोज दहा-अकरा किलोमीटरनी वाढत गेली असती आणि शेटजी गाडी भलत्याच गावात शोधत बसले असते.

०

मंगल कार्यालयात मोफत तपासणी शिबिर. टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेली एक डबी, डबीच्या वायरीला धातूची कांडी. कांडी मिनिटभर मुठीत धरायची, की यकृत, किडनी, कॅल्शियम, जीवनसत्त्वं, सगळ्याचा छापील रिपोर्ट हातात. रक्ताचा थेंबही नको. यंत्राचं नाव क्वांटम अ‍ॅनालायझर.

रांगेत माझ्यापुढे असलेल्या मावशींनी विचारलं, "भाऊ, याला आतलं कसं दिसतं?"

"मावशी, क्वांटम आहे. शरीराच्या लहरी पकडतं."

मावशींनी समाधानाने मान डोलावली. कांडी देण्याआधी पोराने वय, उंची, वजन विचारून टाइप केलं होतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अशा कांडीला फार तर तळहाताच्या कातडीचा विद्युतरोध कळेल, आणि तो घामेजल्या हाताचा एक, कोरड्या हाताचा दुसरा. यकृताची खबर तिला कुठून लागणार? रिपोर्टखाली गोळ्यांची यादी मात्र चोख होती, किमतीसकट.

रांगेत पॉवरलूमवालेही होते. सूत घेताना काउंट विचारणारी, मजुरी मीटरवर मोजणारी माणसं. पण 'क्वांटम' म्हटल्यावर काय मोजलं, किती भरलं, हे एकानेही विचारलं नाही.

खरंखुरं क्वांटम यंत्र म्हणजे एमआरआय. शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन, त्याच्या केंद्रकाचं स्पिन, जबरदस्त चुंबक आणि रेडिओलहरी. त्यात क्ष-किरण नसतातच, आणि लोक नेमके तिथेच 'रेडिएशन'ला घाबरतात.

०

हिग्ज बोसॉन या मूलकणाला 'देवकण' हे नाव लिऑन लेडरमनच्या १९९३च्या पुस्तकामुळे चिकटलं. तो सापडल्याचं सर्न प्रयोगशाळेने ४ जुलै २०१२ला जाहीर केलं, तेव्हा देव सापडला म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते. वस्तुमान सगळं त्याच्याचमुळे, हाही गैरसमज. प्रोटॉनच्या वस्तुमानात क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा शेकडा एकाच्या आसपास. बाकी सगळी आतली ऊर्जा.

०

सप्टेंबर २००८. १० तारखेला जिनिव्हाजवळचं एलएचसी, कणांच्या टकरी घडवणारं यंत्र, सुरू व्हायचं होतं. टीव्हीवर प्रलय: कृष्णविवर तयार होणार, पृथ्वी गिळणार. आपल्याच मध्य प्रदेशातल्या सोळा वर्षांच्या एका मुलीने त्या धसक्याने जीव दिला. टीव्ही पाहून ती घाबरली होती, असं वडिलांनी सांगितल्याचं बातमीत होतं.

एलएचसीतल्या टकरींपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचे विश्वकिरण अब्जावधी वर्षं पृथ्वीवर आदळताहेत, आणि पृथ्वी आहे तिथेच आहे. एवढं एक वाक्य पडद्यावर प्रलयाइतक्याच मोठ्या अक्षरात यायला हवं होतं. त्या यंत्राचे अजस्र चुंबक ज्यांवर तोललेत, ते हजारो जॅक भारताने दिलेत. त्या कामात पुढे होतं इंदूरचं राजा रामण्णा केंद्र. इंदूर बुऱ्हाणपूरहून दोनशे किलोमीटरच्या आत. कॅमेरा तिथे न्यायचा होता.

०

२० मे २०२५ला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. लगेच फॉरवर्ड: 'आपल्या नारळीकरांनी बिग बँग खोटा ठरवला.'

ठरवला नाही. शंका घेतली, आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३मध्ये पर्यायी सिद्धांत मांडला, समीकरणांसकट. १९६५मध्ये सापडलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचा उलगडा बिग बँगने जास्त सरळ होतो, म्हणून बहुतेक शास्त्रज्ञ तिकडेच राहिले. (बिग बँग म्हणजे कुठेतरी फुटलेला बॉम्बही नव्हे. अवकाशच सगळीकडे ताणलं जातंय, त्यामुळे मध्य कुठला, या प्रश्नाला उत्तर नाही.)

याच नारळीकरांनी सहकाऱ्यांबरोबर २००८मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका, २७ ज्योतिषी, प्रत्येकाला ४०. कुठली पत्रिका कुणाची, एवढंच ओळखायचं. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते.

या चाचणीचा फॉरवर्ड अजून माझ्याकडे आलेला नाही.