रांगेतली भांडी

परवा दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भाजी निवडत होते, तर डक्टमधून रवीचा आवाज आला. कुठल्या मजल्यावरून ते कळेना. डक्टमधून एरवी कुकरच्या शिट्ट्या येतात, मिक्सरची घरघर येते, कुणाच्या तरी नळाचं पाणी येतं. हा आवाज त्यातला नव्हता. आधी घट्ट दह्यात फिरणाऱ्या रवीचा जड, दबका आवाज. मग पाणी पडल्यावरचा जरा मोकळा. आणि मग एकाएकी तो हलका झाला, खळखळायला लागला. लोणी आलं! निवडायची मेथी तशीच ठेवून मी ऐकत राहिले.

लोणी आल्याचं डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. दुधातला स्निग्धांश बारीक थेंबांच्या रूपात असतो आणि प्रत्येक थेंबाभोवती पातळ वेष्टन असतं. विरजणाच्या आंबटपणाने ते वेष्टन कमजोर होतं, रवीच्या माराने फुटतं आणि थेंब एकमेकांना धरतात. तोवर सगळीकडे पसरलेली स्निग्धता गोळा होऊन वर येते, खाली राहिलेलं पातळ होतं, रवीला अडवणारं काही उरत नाही. मिक्सरमध्येही लोणी निघतं, लवकर निघतं. पण त्या घरघरीत हा बदल ऐकू येत नाही आणि पातं जरा जास्त फिरलं की उष्णतेने लोणी मऊ पडून ताकातच राहतं. रवी कुठे थांबायचं ते सांगते. मला अजून रवीच आवडते, आणि हात भरून येतात तेही आवडतं.

आजोळी, वारणेकाठच्या घरात, सोप्याच्या एका कोपऱ्यात घुसळखांब होता. दोरी घासून घासून त्याला एक खाच पडली होती. माझं बोट तिच्यात बरोबर बसायचं आणि आतून ती इतकी गुळगुळीत होती की लाकूड वाटायचं नाही. कितीजणींच्या हातांनी ती पडली असेल! आजीच्या सासूच्या, तिच्याही सासूच्या. पहाटे आजी डेऱ्यासमोर एक गुडघा उभा करून बसे, दोरीची दोन टोकं दोन हातांत. उजवा हात मागे जाई तेव्हा डावा पुढे. रवी माझ्या छातीएवढी उंच. उन्हाळ्यात डेऱ्यात माठातलं गार पाणी घालायचं, थंडीत कोमट. किती गार, किती कोमट, हे ती करंगळी बुडवून ठरवी. गरम पडलं तर लोणी मऊ येऊन हाताला धरत नाही, फार गार असलं तर येतच नाही. थर्मामीटर घेऊन बसलेल्या माणसालाही ते तिच्याइतकं नेमकं जमलं नसतं.

आवाज बदलला की ती दोरी सोडी. रवीच्या पाकळ्यांना तांदळाच्या कण्यांएवढं लोणी चिकटलेलं असे. ते तळहाताने निपटून, गार पाण्यात धुऊन, गोळा करून ती वाडग्यात टाकी. त्यातलं सुपारीएवढं माझ्या शिळ्या भाकरीवर. वर मीठ नाही, साखर नाही. लोण्याला साखर लावून खाणारी माणसं मला तेव्हाही समजली नाहीत, आजही समजत नाहीत.

तोवर उजाडलेलं असे आणि बाहेर कट्ट्यावर भांडी जमलेली असत. एक पितळी तांब्या, एक चेपलेली जर्मनची किटली, एक कान तुटलेला टोप, डालड्याचा पिवळा डबा. कुणी हाक मारत नसे. भांडं रांगेत ठेवायचं, पाण्याला जायचं, येताना घेऊन जायचं. कुठलं भांडं कुणाचं ते आजीला पाठ होतं आणि त्या घरात काय चाललंय तेही. ज्यांची म्हैस आटली आहे त्यांचा तांब्या काठोकाठ. ज्या घरात पाहुणे आलेत त्यांच्या किटलीत जास्त, कढी करता यावी म्हणून. एखाद्या घरात पोर तापाने निजलं असेल तर वरचं नितळ ताक त्यांना, तळाचं दाट आम्हाला. हे ती कुणाला विचारून करत नसे. एकदा रांगेत एक अनोळखी भांडं होतं, नवं कोरं, स्टीलचं. आजीने ते उचलून नीट पाहिलं, भरलं, परत जागेवर ठेवलं. "कुणाचं गं?" मामीने विचारलं. "आसंल कुणाचं तरी. तहान लागल्याबिगर ठेवलंय व्हय?" आजी म्हणाली आणि पुढचं भांडं उचललं.

ताकाचे पैसे कुणी देत नसे, मागत तर नसेच. कधी रिकाम्या तांब्यात चार शेवग्याच्या शेंगा उभ्या केलेल्या सापडत, कधी गवारीची मूठ. ती किंमत नव्हती. शाळेत 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' ही म्हण आली तेव्हा मला ती उलगडेना, कारण आमच्या कट्ट्यावर भांडी उघड्यावर उभी असत.

आजीच्या मनाचा मोठेपणा होताच, पण हिशोबही तसाच होता. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के. दहा लिटर दुधाच्या दह्यातून हाती लागणार किलोच्या आतच लोणी, आणि घुसळताना घातलेलं पाणी धरलं तर ताक दहा लिटरच्या वर. लोणी कढवलं की तूप होतं, ते महिनोन् महिने टिकतं. ताक दुसऱ्या दिवशी आंबट आणि तिसऱ्या दिवशी दात आंबवणारं. एवढं ताक घरातली माणसं कितीही प्यायली तरी संपत नाही. जे रोज इतकं होतं आणि उद्या टिकत नाही, ते वाटण्यासाठीच असतं, असं त्या गावाने ठरवून टाकलं होतं.

मग हे बदललं. कोल्हापूरचा दूध संघ, आपलं गोकुळ, 1963 साली सुरू झाला. देशभरची दूध महापूर योजना 1970 ची. आमच्या आजोळी दूध डेअरीला जायला लागलं आणि सकाळ-संध्याकाळ फॅट लागून दर ठरू लागला. दहा दिवसांचं बिल मामीच्या हातात पडू लागलं. त्या बिलावर मामेभावंडं शिकली, पत्रा जाऊन स्लॅब पडला. मामीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी स्वतःला साडी घेतली, आणि ती साडी दाखवतानाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही. दुधाबरोबर लोणीही कॅनमधून गेलं, म्हणून ताक झालंच नाही. डेरा माळ्यावर गेला. कट्टा रिकामा झाला. मामीची साडी आणि आजीचा कट्टा, दोन्ही मला सारखीच मोलाची वाटतात आणि एकाच्या पारड्यातून काढून दुसऱ्याच्या पारड्यात काही टाकणं मला जमत नाही.

आंबवलेल्या दुधाचं माणसांशी हे नातं आमच्या गावापुरतं नाही. मंगोलियात घोडीच्या दुधाचं ऐराग करतात. चामड्याच्या मोठ्या पिशवीत दूध आंबवायचं आणि लाकडी दांड्याने हजारो वेळा ढवळायचं. ती पिशवी तंबूच्या दाराशी टांगतात आणि आत येणाऱ्या-जाणाऱ्याने दांड्याचे चार हात मारून पुढे जायचं अशी रीत आहे. घोडीच्या दुधात साखर जास्त, म्हणून जिवाणूंच्या बरोबरीने यीस्टही तिथे कामाला लागतं आणि पेयाला किंचित नशा येते. युनेस्कोने 2019 मध्ये ही कला जपायच्या वारशात घेतली. कॉकेशसमधल्या केफिरचे पांढरे, रबरी दाणे तर दुधात वाढतच जातात. फेकवत नाहीत, म्हणून शेजारी द्यावे लागतात. दारातला पाहुणा आणि शेजारचं घर यांच्याशिवाय आंबवलेलं दूध कुठेच पुरं होत नाही, असं मला हे वाचताना वाटत राहिलं.

फ्लॅटमधलं आपलं ताक म्हणजे बहुतेक पाणी घातलेलं दही. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ताकाच्या प्रकारांची वेगवेगळी मांडणी आहे: सायीसकट, बिनपाण्याचं ते घोल, साय काढलेलं, पाणी न घातलेलं ते मथित, चौथाई पाण्याचं तक्र, निम्म्या पाण्याचं उदश्वित, आणि लोणी काढून भरपूर पाणी घातलेली ती छच्छिका. आजीच्या रांगेतल्या भांड्यांत जायची ती ही शेवटची. उन्हातून आल्यावर तीच प्यावी. जिलबीच्या पंक्तीला आलं-कोथिंबिरीचा मठ्ठा हवा, पण भातावर मात्र साधं ताक आणि मीठ. भातावर मसाला घातलेलं ताक ओतणं म्हणजे दोन्हींचा अपमान आहे.

पण ताकाच्या आधी दही नीट लागायला हवं. माझी भाची जर्मनीत असते. तिथल्या योगर्टचं विरजण लावून दही लागतं, पण त्याला वास नाही अशी तिची तक्रार होती, आणि ती खरी आहे. योगर्टमध्ये बेचाळीसेक अंशांत वाढणारे दोन जातींचे जिवाणू असतात. आपल्या घरच्या विरजणात त्याहून कमी उष्णतेत रमणारी, मिश्र वस्ती असते. त्यातले काही जिवाणू दुधातल्या सायट्रेटपासून डायअसिटिल तयार करतात, आणि लोण्याचा तो ओळखीचा वास त्याचाच. मी तिला सुक्या मिरच्यांची देठं कोमट दुधात टाकायला सांगितली. देठांवर हे जिवाणू असतात. "मावशी, लागलं!" तिचा फोन आला, पण दह्याला तार सुटत होती. त्यातलंच चमचाभर घेऊन पुन्हा लाव, पुन्हा लाव, म्हटलं, होईल नीट. आता वास आलाय म्हणते. मग प्रश्न लोण्यासाठीच्या सायीचा. दुकानातलं दूध होमोजनाइज केलेलं, म्हणजे स्निग्धांशाचे थेंब इतके बारीक केलेले की ते वर येतच नाहीत. उकळलं तरी वर नुसती पापुद्र्यासारखी साय. शोधत शोधत तिला सेंद्रिय मालाच्या एका दुकानात काचेच्या बाटलीतलं, होमोजनाइज न केलेलं दूध मिळालं. बाटलीच्या गळ्याशी साय जमलेली दिसते, असा फोटो पाठवला. आता तिला रवी हवी आहे. दोघांच्या संसाराला लहान पुरेल ना, विचारते. मी मोठी पाठवणार आहे.