फॉरमॅट मारल्यानंतर

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात पहिला संगणक पुष्कळदा ब्रँडेड नसे. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्याच एखाद्या दुकानातून असेंबल होऊन येई आणि विंडोज त्यात आधीच ‘टाकून’ मिळे. बिलात त्याची किंमत अनेकदा नसेच, त्यामुळे ते फुकटच असते असा समज झाला. संगणक मंदावला की दुकानातला मुलगा येऊन फॉरमॅट मारून जाई. सी ड्राइव्ह पुसला जाई, डी ड्राइव्हवरचे फोटो आणि पत्रे बचावत.

विंडोजला विनामूल्य पर्याय असलेल्या लिनक्सचा कर्नेल, म्हणजे गाभा, लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतला. लिनक्स घरगुती वापरात आणण्यात मोठा वाटा त्याच्या उबंटू या वितरणाचा. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली आणि पुढे काही वर्षे सीडी मागवली की टपालाने विनामूल्य घरपोच येई. पण सीडी आली म्हणून घरातले विंडोज गेले, असे क्वचितच झाले. अडवले ते जुन्या फायलींनी.

मराठी घरात ही अडचण अधिक. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले असत. माणसाला मराठी दिसे, संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरेच. फॉन्ट नसलेल्या लिनक्सवर लग्नपत्रिका उघडली की नुसता कचरा दिसे. दुसऱ्याच्या विंडोजवरही तिची हीच गत, पण बोल लिनक्सला लागे. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये बसवली की मजकूर वाचता येतो, शोधता मात्र येत नाही. खरा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर, आणि तेही किचकट. ‘किती’ लिहिताना जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवला जातो. युनिकोडमध्ये क्रम उलटा. जोडाक्षरापुढची पहिली वेलांटी आणि रफार यांवर कन्व्हर्टर हमखास घसरतात, म्हणून मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो.

दरम्यान विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांना मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार एकेक करून संपत गेला: एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. शेवटचा धक्का वेगळा होता. विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर मागते, त्यामुळे धडधाकट यंत्रेही बाद ठरली. तोवर घरातले बरेचसे काम ब्राउझरमध्ये गेले होते, म्हणून लिनक्सकडे वळणे पूर्वीपेक्षा खूपच सोपे झाले.

हल्ली पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून वायफाय, प्रिंटर आणि आवाज आधी तपासता येतात. हार्ड डिस्कला हात लागत नाही. हे न करता थेट डिस्क पुसणे हा शुद्ध आततायीपणा. बसवल्यावर सी आणि डी शोधणारा गोंधळतो, कारण सगळे फोल्डर एकाच मुळाखाली असतात. आपल्या फायलींच्या ‘होम’ फोल्डरसाठी वेगळे पार्टिशन ठेवले की जुन्या डी ड्राइव्हचीच सोय मिळते: प्रणाली पुन्हा बसवली तरी फायली शाबूत राहतात. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो.

टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र विंडोजसाठीच लिहिलेले आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनवर ते चालवून पाहता येते, पण हिशेबाच्या कामात ‘बहुधा चालेल’ पुरत नाही. अशा घरांत डुअल बूट ठेवतात, म्हणजे संगणक सुरू होताना दोन्हींपैकी एक निवडता येते, किंवा लिनक्सच्या आतच व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवतात. दुसऱ्या मार्गाला रॅम जास्त लागते. जुन्या यंत्रावर पहिलाच परवडतो.