तात्पुरत्या फायलींचा पत्ता

गळीत हंगामात प्रवरानगरसारख्या साखर कारखान्याची ऊसबिले गट, गाव, सभासद अशा क्रमाने लावायची, तर डेटाबेसला बरीच मांडामांड करावी लागणार. पोस्टग्रेसमध्ये एका सॉर्टिंगला मिळणारी मेमरी मुळात 4 एमबीच असते. ती संपली की उरलेला पसारा मूळ डेटाच्याच डिस्कवर सांडतो, आणि डिस्क भरली तर नव्या नोंदीही अडतात. म्हणून तात्पुरत्या फायलींचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नेऊन जुन्या जागी सिमलिंक ठेवायची युक्ती. मेमरीच का वाढवू नये, असे कोणी विचारेल. पण ती मर्यादा प्रत्येक सॉर्टिंगला वेगळी लागते; पन्नास जण एकदम कामाला बसले की हिशेब भलताच फुगतो.

तरी हाताने घातलेली सिमलिंक मला पटत नाही. तात्पुरत्या फायलींसाठी वेगळी टेबलस्पेस नेमायची सोय 2008 च्या 8.3 आवृत्तीपासून आहेच. तीही आतून सिमलिंकच वापरते, मग फरक काय? फरक बॅकअपमध्ये दिसतो. पोस्टग्रेसचे बेसबॅकअप टेबलस्पेसचे दुवे ओळखते, इतर सिमलिंक वगळते. त्यावरून सर्व्हर पुन्हा उभा केला, की तात्पुरत्या फायली निमूट पहिल्याच डिस्कवर परततात, आणि कसली सूचनाही येत नाही. टेबलस्पेसची नोंद मात्र डेटाबेसच्या कॅटलॉगमध्येच असते, आणि बॅकअप घेताना तिला नवी जागाही सांगता येते.