भांडायची जागा

मी उभा जन्म नकाशे काढण्यात घालवला. शाळेच्या खोल्या, दवाखाने, गोदामं. त्यामुळे कुठंही गेलो की माझी नजर आधी छताकडं जाते. काही वर्षांपूर्वी लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाचं मुख्यालय पाहिलं. तिथंही तेच झालं.

आर्थिक व सामाजिक परिषदेचं सभागृह स्वीडनच्या स्वेन मार्केलियस यांनी रचलेलं आहे. प्रेक्षक बसतात तिथलं छत झाकलेलंच नाही. पाइप, हवेचे नळ, सगळं उघडं. मला वाटलं, पैसे संपले असतील, आपल्याकडं संपतात तसे! तर माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, या सभागृहातलं काम कधीच पुरं होत नाही, याची ती आठवण समजली जाते.

या इमारतीची जन्मकथाही गंमतीची आहे. जागा पूर्वी कत्तलखान्यांची. ती घ्यायला रॉकफेलर यांनी 1946 मध्ये 85 लाख डॉलर दिले. 1947 मध्ये वॉलेस हॅरिसन यांच्या नेतृत्वाखाली दहा देशांचे वास्तुरचनाकार एकत्र बसले. ल कार्बुझिए आणि ब्राझीलचे ऑस्कर निमायर यांचे आराखडे एकत्र करून शेवटचा आराखडा झाला, आणि मग श्रेयावरून कार्बुझिए रुसले ते रुसलेच. (हेच गृहस्थ पुढं आपलं चंदीगड रचायला आले.) म्हणजे भांडणं मिटवायचं घर बांधतानाच भांडण!

हसू आलं, आणि लगेच दादा आठवला.

अकोल्यातलं आमचं वडिलोपार्जित घर पाडून नवं बांधायचं ठरलं होतं. दादा अमरावतीला, मी अकोल्यात. नकाशा अर्थातच मी काढला. दोन दारं, दोन जिने, मधून नऊ इंची भिंत. जुनी छपरी काढून टाकली, जागा फुकट जात होती म्हणून. बाबांच्या काळी गल्लीतले सगळे तंटे त्याच छपरीत सतरंजीवर बसून मिटायचे. काही मिटायचेही नाहीत, पण चहा व्हायचा.

दादानं नकाशा बराच वेळ पाहिला. म्हणाला, "नकाशा चांगला हाय बाप्पा. पन भांडाचं कोठी?"

मला तो टोमणा वाटला. शब्दाला शब्द वाढला, आणि चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. घरही तसंच पडून राहिलं.

न्यूयॉर्कच्या आमसभेत कोणी कुठं बसायचं, याची दरवर्षी चिठ्ठी काढतात. ज्या देशाचं नाव निघेल तो पहिल्या जागेवर, बाकीचे त्याच्यापुढं इंग्रजी वर्णक्रमानं. मोठा देश, लहान देश, पंगत एकच. सुरक्षा परिषदेचं टेबल घोड्याच्या नालेसारखं आहे, समोरच्याचं तोंड दिसतंच. त्या टेबलामुळं लढाया थांबल्या का? नाही. नकाराधिकार आहे, आणि माणसं मरतातच. इमारतीला दोष देऊन उपयोग नाही, तिचा फार अभिमान बाळगूनही नाही. पण नकाशा काढणाऱ्याच्या हाती एवढंच असतं, की नाराज माणसालाही येऊन बसायला जागा ठेवायची. मी नेमकी तीच काढून टाकली होती. खरं सांगायचं तर मला दादासमोर बसायचंच नव्हतं, आणि ते मी भिंतीकडून वदवून घेतलं.

परत आल्यावर नवा कागद घेतला. एकच दार, पुढं दहा बाय बाराची छपरी. नकाशा घेऊन स्वतः अमरावतीला गेलो. दादानं चष्मा लावला, पेन्सिल मागितली आणि छपरी दोन फुटांनी वाढवली. बोलला काहीच नाही.

घराचं काम अजून सुरू व्हायचं आहे. वाटे, पैसे, जिना, सगळ्यावर वाद चालूच आहेत. पण आता ते समोरासमोर चालतात. असो. छपरीचं छत मात्र मी उघडंच ठेवणार आहे.