आजी, आरजीबी आणि कोल्हापूरचा उजेड

कोल्हापूरवर लिहायचं म्हटलं की मिसळ, तांबडा-पांढरा आणि चप्पल हे तीन विषय ठरलेले. या वेळी तिघांनाही सुट्टी! कारण या नोव्हेंबरात मी कोल्हापूर पालथं घातलं ते कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची काच बगलेत मारून.

त्याचं झालं असं. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली आणि मी माझा नवाकोरा पीसी पुण्याहून मंगळवार पेठेतल्या घरी हलवला. एकेक पार्ट निवडून असेंबल केलेला. समोर तीन आरजीबी पंखे, आत एलईडीची पट्टी, बाजूला आरपार काच. पुण्यातली गँग बघून वेडी झाली होती. इथे मात्र माझी 'वर्कस्टेशन' मांडली गेली आजीच्या खोलीत.

आणि आजीला मोतीबिंदू. त्यात डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, शिरणारा उजेड विखुरतो आणि दिव्याभोवती वलयं दिसायला लागतात. "तुझ्या त्या डब्यात चांदण्या हैत, आन् सगळ्या माझ्या डोळ्यात टोचत्यात," आजी म्हणाली. मग दिवे बंद करून टाकायचे ना, असं तुम्ही म्हणाल. केले की! तर रात्री बाथरूमला जाताना ती उंबऱ्याला ठेचकाळली. ट्यूब लावली तर तिला झोप नाही. तिसऱ्या रात्री तिने उशी उचलली. "मी झोपतो सोप्यात. तू कर तुझं काम." (हो, कोल्हापुरात बायकाही 'झोपतो', 'जातो'च म्हणतात. एसटी स्टँडवर उतरल्यावर मीसुद्धा!)

लग्न होऊन आल्यापासून ज्या खोलीत ती झोपली, त्या खोलीतून तिला माझ्या शोभेच्या दिव्यांनी बाहेर काढलं होतं. मला नीट झोप लागेना.

पाठीमागचा सूर्य

१० नोव्हेंबरला संध्याकाळी आजीला घेऊन अंबाबाईच्या देवळात गेले. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे परंपरेने ठरलेले दिवस. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, पितळी उंबरा ओलांडतात आणि गाभाऱ्यात मूर्तीवर पायांपासून वर सरकत जातात. ढग, धूळ, हवेतला ओलावा, वाटेवरची एखादी इमारत... काहीही आडवं आलं की किरण मध्येच विरतात. म्हणून गावातले अभ्यासक मीटर घेऊन उजेड चक्क लक्समध्ये मोजतात.

गर्दी श्वास रोखून उभी. आणि माझी आजी टक लावून बघत होती! कपाळावर हात नाही, डोळे बारीक केलेले नाहीत. साक्षात सूर्याचा उजेड हिला चालतो आणि माझी बोटभर पट्टी टोचते?

मग लक्षात आलं. सूर्य आमच्या पाठीमागे होता. आम्ही सूर्याकडे बघतच नव्हतो, तो जे उजळत होता त्याच्याकडे बघत होतो. माझ्या कॅबिनेटमध्ये सगळं उलटं होतं. दिवेच डोळ्यांसमोर, आणि ते काय उजळतायत याचा पत्ता नाही.

खरी कॉर्नरचा कॅमेरा

घरी येताना खरी कॉर्नर लागतो. तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. शाळेत असताना रोज त्याच्याजवळून गेले, पण कधी थांबून पाहिलं नाही. तो बाबूराव पेंटरांच्या आठवणीसाठी. १९१७ साली त्यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांनी आपल्या हातांनी कॅमेरा घडवला. म्हणजे कोल्हापूरचा पहिला 'कस्टम बिल्ड' शंभर वर्षांपूर्वीचा म्हणायचा!

त्या काळात सिनेमाचं शूटिंग बहुतेक उन्हातच व्हायचं. डोक्यावरचं ऊन चेहऱ्यावर कडक सावल्या पाडतं. त्यावर जगभरच्या सिनेमावाल्यांचे उपाय दोन. उन्हाच्या वाटेत पांढरं कापड ताणायचं, नाहीतर ऊन पांढऱ्या फळीवर घेऊन तिथून चेहऱ्यावर वळवायचं. पहिल्यात उजेड गाळून येतो, दुसऱ्यात आपटून. पुढे १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. आपल्याकडे तसं करणाऱ्या पहिल्या चित्रपटाचा मान त्याला देतात. ज्या गावाने हे सगळं एवढं आधी केलं, तिथे मला एक कॅबिनेट जमू नये?

उद्यमनगरात नकार

दुसऱ्या दिवशी काच घेऊन थेट शिवाजी उद्यमनगर. इथे लेथ, वेल्डिंग आणि ओतकामाचा आवाज दिवसभर थांबत नाही. ओतीव लोखंडावरची वाळू झाडायला ब्लास्टिंग करतात. तेच काचेवर मारलं की काच दुधी होईल, असा माझा मास्टर प्लॅन. वर्कशॉपच्या मालकांनी काच हातात घेतली, कड बघितली आणि परत दिली.

"ताई, ही टफन काच हाय. हिला मी हात लावत नसतो. वाईच खोल गेलं की सगळ्याची साखर होतीय."

टफन काचेच्या पृष्ठभागात मुद्दाम दाब कोंडलेला असतो. त्यावरच तिची ताकद. तो थर फुटला की अख्खी काच बारीक तुकड्यांत ढासळते. पैसे घेऊन काम बिघडवण्यापेक्षा नाही म्हणणारा माणूस भेटला, हे नशीबच. त्यांनीच मला पुढच्या गल्लीतल्या साइन बोर्डवाल्याकडे धाडलं.

दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं रात्री एकसारखी कशी उजळतात, याचं सगळं गुपित या माणसाकडे. त्याने पहिला प्रश्न विचारला, "दोन दिव्यांत अंतर किती?" पट्टीवर मीटरला साठ दिवे, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर. त्याने मिल्की ॲक्रिलिकचा उरलेला तुकडा पट्टीला चिकटवून धरला. ठिपके तसेच दिसत होते! मग तुकडा हळूहळू लांब नेला. ठिपके फुगले, एकमेकांत मिसळले आणि बोटभर अंतरावर एकच सलग उजेड उरला.

"भावा, शीटमधे जादू नाही. अंतरात हाय," तो म्हणाला. (कोल्हापुरात 'भावा' मुलींनाही लागू!)

उजेड जवळपास तेवढाच, पण पाच मिलिमीटरच्या ठिपक्याऐवजी अख्ख्या शीटवर पसरलेला. म्हणून तो टोचत नाही. शीट थोडा उजेड खातं, पण आजीच्या खोलीत तो तोटा नव्हताच.

रात्री साडेअकरा

घरी येऊन पीसीचा प्लग काढला आणि कामाला लागले. पट्टी उलटी फिरवून आतल्या पत्र्याकडे केली. पत्रा काळा, तो उजेड गिळतो. म्हणून त्यावर पांढरं व्हिनाइल लावलं. पट्टीसमोर दोन सेंटिमीटरवर ॲक्रिलिक. बाजूच्या काचेला ऑफिसच्या केबिनला असते तशी फ्रॉस्टेड फिल्म. पंख्यांवरचे पळणारे रंग बंद, ब्राइटनेस एकदम कमी आणि एकच पिवळसर छटा.

क्लायंटचा कॉल सुरू होता. मी म्यूटवर होते. आजी दारात येऊन उभी राहिली. उंबरा दिसत होता, पलंगाची कड दिसत होती, माझे दिवे मात्र दिसत नव्हते. "कंदिलावानी वाटतंय," ती म्हणाली आणि पलंगावर आडवी झाली. कॉल संपायच्या आत घोरायलाही लागली.

येत्या जानेवारीत तिचं ऑपरेशन आहे. ३१ तारखेच्या किरणोत्सवाला जायचं तिने आत्ताच ठरवलंय. आणि त्यानंतर? "तवा एकदा बघतो की, तुझ्या त्या डब्यात हाय तरी काय!"

उजेड मऊ करायचाय?

• मिल्की शीट आणि पट्टी यांत निदान दोन दिव्यांमधल्या अंतराएवढी जागा सोडा.
• साधं ॲक्रिलिक असेल तर बारीक वॉटर पेपरने ओलं घासा. तेही दुधी होतं.
• पंख्यांची जाळी झाकू नका. कागद, कापड ग्राफिक्स कार्डच्या गरम हवेजवळ नको.
• टफन काच कापायला, भोक पाडायला किंवा ब्लास्टिंगला देऊ नका. फिल्म लावा.
• आणि सगळ्यात आधी, खोलीत आणखी कोण झोपतं ते बघा!